मी अडवलेलं विमान

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मैत्रिणीला नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून सगळं जुनंपानं बोललो आम्ही बहिणी, पण हे तोंडातून निघालं नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? कारण तुम्ही भास्करला ओळखत नाही. आणि कारण तुम्ही मध्येच हात धरून "अगं, पण का?" असं विचारू शकत नाही. माझं मला माझ्या चालीनं सांगू द्या. मी रडणार नाही, तेवढं आधीच सांगून ठेवते.

माझा धंदा करसल्लागाराचा. औरंगपुऱ्यात जिना चढून गेलं की एक छोटं ऑफिस आहे, ते माझं. लोक तिथं येतात ते आपली लपवाछपवी घेऊनच. मी ऐकते, चष्मा पुसते, म्हणते, बघू काय करता येतं. बाहेरच्यांना वाटतं, या धंद्यातली हुशारी म्हणजे प्रकरण मिटवणं. ती अर्धीच गोष्ट झाली. खरी हुशारी प्रकरण लोंबकळत ठेवण्यात असते — एकही शब्द खोटा न बोलता, एकही कागद खोटा न करता. मुदत मागायची. मिळालेल्या मुदतीत अर्धंच उत्तर द्यायचं. अर्ध्या उत्तरातून नवा प्रश्न निघतो, त्यासाठी पुन्हा मुदत मागायची. ज्या अशिलाचं भलं उशिरात असतं त्याच्यासाठी हे मी कितीदा केलंय, आणि त्याची मला काडीची लाज नाही. एकदा मात्र हे मी अशिलाच्या विरोधात केलं. अशील माझा नवरा होता.

भास्कर म्हणजे — कसा सांगू तुम्हाला? वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. मूळचा पाचोडकडचा. वडील मेंढरं राखायचे. लहानपणी कळपामागं चालताना हा मान वर करून चिकलठाण्याकडं जाणारी विमानं बघायचा आणि ठेचकाळायचा. पायाचा अंगठा वाकडा आहे तो त्यामुळंच, असं तो अजून सांगतो. माझं माहेर भीमनगरचं. आमचं लग्न ठरलं त्या दिवशी दोन्ही घरांत चूल पेटली नव्हती, एवढं सांगितलं तरी पुरे. रजिस्टर लग्न केलं. त्याचेही अर्ज मीच भरले. कागद सगळे माझे, हत्यारं सगळी त्याची, ही आमची वाटणी तेव्हापासूनची. मी त्याला घरात भास्कर म्हणते आणि सासूबाईंसमोर अहो. तो मला वकीलबाई म्हणतो, मी वकील नसताना.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख करून झालं आणि संपलं. त्यानंतर केव्हातरी त्यानं विमान बांधायला काढलं.

हसू नका. असं करता येतं. परदेशातून पेट्या येतात — पत्रे, नळ्या, मुठीमुठीनं खिळे आणि एक जाडजूड पुस्तक. ते आपण घरी जोडायचं. कायद्यात बसतं ते. अट एवढीच की अर्ध्याहून जास्त काम स्वतःच्या हातानं केलेलं असलं पाहिजे, आणि ते फोटो काढून सिद्ध केलं पाहिजे. मग तपासणी, मग नोंदणी, मग शेपटीवर अक्षरं. आपल्या देशातल्या विमानांना आधी व्हीटी, मग एक आडवी रेघ, मग आपली तीन अक्षरं. भास्करनं व्हीटी आणि रेघ कधीच रंगवून ठेवली होती. पुढची जागा कोरी.

पेट्या बंदरात आल्या तेव्हा कस्टमला प्रश्न पडला, हे विमान धरायचं की सुटे भाग? दोन्हीला कर वेगवेगळा. त्यावर भांडत बसलो असतो तर पेट्या तिथंच गंजल्या असत्या. म्हणून मी बंधपत्र लिहून दिलं, तात्पुरता कर भरला आणि माल सोडवून आणला. पक्की आकारणी मागाहून होणार होती, आपल्याच शहरातल्या ऑफिसात. तो पक्का दाखला हातात आल्याशिवाय विमानाची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर ते नुसतं पत्र्याचं सामान. दाखला आणायचं काम माझं होतं. दुसऱ्या कुणाचं असणार?

दिराच्या शेतात, पाचोडच्या अलीकडं, आम्ही पत्र्याची शेड घातली. दर रविवारी डबा बांधून जायचो. तुम्हाला एक सांगू? विमानाला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे ते खिळे, मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एकजण हवेची बंदूक धरतो, आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. ठोकळा सरकला की रिव्हेट वाकडा आणि पत्रा बाद. ठोकळा मी धरायचे. शेपटीच्या आत, जिथं भास्करचा खांदा शिरत नव्हता तिथं मी आडवी पडायचे, कानात कापूस घालून. त्या विमानाच्या शेपटीतला एकेक रिव्हेट माझ्या तळव्यातून गेलाय. तळव्याला घट्टे पडले होते. सोमवारी ऑफिसात सही करताना पेन नीट धरता यायचं नाही, आणि मला त्याचा केवढा तोरा होता!

फोटो काढायची वेळ आली की मात्र तो म्हणायचा, "वकीलबाई, जरा बाजूला व्हा की. फोटोत बांधणारा एकलाच दिसला पायजे." यात त्याची चूक नव्हती. नियम मीच त्याला समजावून सांगितला होता. मी बाजूला व्हायचे, मोबाइल घ्यायचे आणि फोटो काढायचे. सगळ्या फोटोंत तो आहे. मी कुठंच नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही — खरंच नाही. हे मी आता आठवून आठवून दुखणं उकरून काढत नाही. दुखणं दुसरीकडं आहे.

सासूबाई होत्या तेव्हा. त्यांना विमानाचं नाव काढलं तरी कापरं भरायचं. एकदा चुलीपाशी मला जवळ घेऊन म्हणाल्या, "सुजाता, त्या डबड्यात त्याला बसू दिऊ नको बाई. मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढता येतं. वरून पडल्यावर काय काढायचं?" मी म्हटलं, आई, काळजी करू नका. त्या वर्षाच्या आतच त्या गेल्या.

आता तुम्हाला कळलंच असेल, पुढं काय झालं ते. बायकोनं भीतीपोटी कागद अडवले. म्हातारीला दिलेला शब्द. नवरा जिवंत राहावा म्हणून केलेलं पाप. किती छान बसतं, नाही? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आले. रात्री झोप लागावी म्हणून माणूस स्वतःलाही अर्धंच उत्तर देतो. पण मला त्या विमानाची कधी भीती वाटली नाही. मी त्याच्या आत पडून राहिलेली बाई आहे. कुठला सांधा कसा आहे ते मला माहीत होतं. ते पडणार नाही, हे भास्करपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

मग का?

सांगते. विमानात दोन सीट होत्या. पुढं एक, मागं एक. कधी बोलून ठरलं नव्हतं. बोलायचं काय त्यात? मागची माझी. सीटची गादी मी शिवायला टाकली होती, गुलमंडीतल्या एका कारागिराकडं, निळ्या रेक्झिनची. एका रविवारी मी डबा सोडत होते, आणि भास्कर पुस्तकातलं एक पान दाखवत आला. डोळे असे चमकलेले. म्हणाला, "मागची सीट काढून टाकायची. तिथं जास्तीची टाकी बसवता येती. लई लांब जाता येतं बघ, एका दमात पार समुद्रापर्यंत."

मी विचारलं, आणि मी?

नाही. हेच तर. मी हे विचारलं नाही. मी म्हटलं, "वा." पोळी त्याच्या ताटात वाढली. त्यानं ती खाल्ली. पुढच्या रविवारी टाकीची मापं घेतली, आणि टाकीचे रिव्हेट मारायला आतून ठोकळा मीच धरला.

त्याच आठवड्यात कस्टमच्या ऑफिसातून विचारणा आली. किटच्या, म्हणजे त्या पेट्यांतल्या सामानाच्या, किमतीचा तपशीलवार तक्ता द्या, म्हणजे पक्की आकारणी करतो. तो तक्ता माझ्या कपाटात होता, पहिल्या दिवसापासून. उठून दोन पावलं टाकली असती तर हातात आला असता. मी मुदत मागितली.

हे मी केलं. भीतीनं नाही, कुणाला दिलेल्या शब्दासाठी नाही. रागानं केलं. दोन्ही घरं अंगावर घेऊन ज्या माणसाशी लग्न केलं, ज्याच्या विमानाच्या शेपटीत आडवी पडून बहिरी व्हायची वेळ आली, त्यानं माझी जागा काढून तिथं टाकी बसवली, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. कळून केलं असतं तर मी भांडले असते. कळलंच नाही, त्याचं काय करायचं? म्हणून मी म्हटलं, जा आता. बघू कसा जातोस.

मग काय, एकदा हात बसला की बसला. कोरोनानं तर मला आयतीच कारणं दिली. ऑफिसं बंद, कुरिअर बंद, मुदत द्या. पुढं शहराचं नाव बदललं, तेव्हा मी जुन्या कागदांवरचा पत्ता आणि नव्या कागदांवरचा पत्ता जुळत नाही म्हणून स्वतःच शंका काढली, स्वतःच प्रतिज्ञापत्र द्यायला वेळ मागितला. कुणी विचारलंही नव्हतं. अधिकारी काझी साहेब म्हणून होते. नेमस्त माणूस. एकदा त्यांनी खुद्द फोन केला — "मॅडम, वो एक तक्ता द्या ना बस. मैं तो फाइल बंद करने बैठा हूँ. आता मुदत नक्को." मी म्हटलं, देते साहेब, परदेशातून यायचाय. आयुष्यात कामाच्या जागी बोललेलं हे माझं एकमेव साफ खोटं. त्यांनी पुढची तारीख लिहून घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे." मला वाटतं, त्यांना तेव्हाच समजलं असावं.

आणि भास्कर? तो काझी साहेबांना शिव्या देत होता. कधी न बघितलेल्या माणसाला. सकाळी दाढी करताना, संध्याकाळी पेपर वाचताना, पाहुण्यांसमोर. "एक सही करायला याला किती वर्षं लागत्यात?" पाहुणे म्हणायचे, अहो सरकारी काम असंच असतं. मी चहा गाळत असायचे. मान हलवायचे. सगळ्यांना हे इतकं पटायचं! सरकारी माणसाला दोष द्यायला पुरावा लागत नाही, आणि त्या सोयीचा मी पुरता फायदा घेतला.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं राग टिकतो का? नाही टिकत. राग केव्हाच विरला होता. पण तोवर उशीर एवढा साठला होता की आता तक्ता दिला असता तर काझी साहेबांनी विचारलं असतं, हा एवढे दिवस कुठं होता? राग संपल्यावर मी भेकडपणानं थांबले. हे दुसरं. याला तर मला कुठलं चांगलं नावही देता येत नाही.

मग भास्करच्या छातीत दुखलं. हृदयाच्या शिरांत जाळ्या बसवल्या, तो बरा झाला, पण वैमानिकाला लागतं ते तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र गेलं. कारखान्यातून रजा काढकाढून फ्लाइंग क्लबात घासून मिळवलेला परवाना कपाटात गेला. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. घरी आलो. मी कपाट उघडलं, तक्ता काढला आणि काझी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, काही विचारलं नाही. दाखला त्याच आठवड्यात मिळाला. हे एवढंच काम होतं.

तपासणी झाली, नोंदणी झाली. शेपटीवर तीन अक्षरं आली, ती भास्करनं जीव लावून रंगवली. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विमान पहिल्यांदा उडवलं. सुरेख उडालं. दोन गिरक्या घेतल्या आणि अलगद उतरलं. भास्कर टाळ्या वाजवत होता, लहान मुलासारखा. त्याला निदान सोबत बसून वर जाता आलं असतं की, पण कुठं बसणार? मागं टाकी होती. आणि खरं सांगू का — त्या क्षणी मला बरं वाटलं. भोग आता, असं वाटलं. मग त्याच्याकडं बघितलं, आणि जे वाटलं ते मला आजही लिहिता येत नाही.

हे असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण गेल्या महिन्यात एका अशिलाच्या मुलीचं लग्न होतं, बीड बायपासच्या मंगल कार्यालयात. यजमान कुणाची तरी ओळख करून देत आले — हे काझी साहेब, कस्टममध्ये होते, आता निवृत्त. भास्करनं हातातलं ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, त्यामुळंच आजूबाजूचे सगळे गप्प झाले. म्हणाला, "तुम्हीच व्हय ते? विमान तयार होतं साहेब. मी तयार होतो. तुमची एक सही नव्हती. आता या छातीत जाळ्या घालून जमिनीवरून बघत बसतो मी."

काझी साहेबांनी माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. माझ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं. तीन शब्दांचं काम होतं: "मी अडवलं होतं." मी ग्लासात बघत उभी राहिले. मग ते भास्करला म्हणाले, "हां साहेब. देर हो गई. आमच्याकडून लई उशीर झाला. माफ करा." आणि चार लोकांसमोर त्यांनी हात जोडले.

परतताना गाडी मी चालवत होते. भास्करनं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "माणूस सरळ निघाला गं. चूक मानायला लई मोठं काळीज लागतं. जाऊ दे, माझ्या मनात आता त्याच्याविषयी काय नाय." हे तो मला म्हणाला. मला! त्या रात्री तो घोरत झोपला, कित्येक वर्षांनी.

मला कशाचा राग आला माहीत आहे? काझी साहेबांचा. कोण सांगायला गेलं होतं त्यांना? माझ्या वतीनं हात जोडायचा हक्क त्यांना कुणी दिला? मला वाचवलं म्हणे. मला वाचायचं नव्हतं — नाही, हेही खोटं. तेव्हा वाचायचं होतं, म्हणून तर ग्लासात बघत होते. पण आता त्या माणसाचे जोडलेले हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी एका रागासाठी नवऱ्याचं आभाळ अडवलं, याची मला अजूनही म्हणावी तशी लाज वाटत नाही. तो राग माझा होता आणि तो खरा होता. लाज वाटते ती त्या जोडलेल्या हातांची.

येत्या रविवारी केशर आंब्यांची पेटी घेऊन काझी साहेबांच्या घरी जायचं भास्करनं ठरवलंय. शहागंजकडं राहतात, पत्ता त्यानंच शोधून काढला. पेटी आणून ठेवलीय, घरभर वास सुटलाय. म्हणतो, वकीलबाई, तुम्ही बरोबर चला, मला एकट्याला अवघड वाटतं.

निघायच्या आधी मी त्याला सांगणार आहे. चहा झाल्यावर, समोर बसून. सासूबाईंचं नाव घेणार नाही. भीती वाटली असं म्हणणार नाही. टाकीचं सांगेन, तक्त्याचं सांगेन, लग्नातल्या ग्लासाचं सांगेन. माफी मागणार नाही. होती ती त्यानं दुसऱ्याला देऊन टाकलीय, आणि मला ती नकोच आहे. तो चिडेल. चिडू दे. एवढी वर्षं माझ्यासमोर बसून तो राग परक्या माणसाच्या नावानं काढत होता. तो माझ्या हक्काचा आहे.

मग तो गाडीत बसला तर बसला. नाही बसला तर पेटी घेऊन मी एकटी जाईन.